विचारून सांगतो

‘अभिनंदन, पुंजाजी! गेल्या महिन्यात तुमच्या पानावर दोनशे अकरा लोक आले.’ दुपारचा सव्वा वाजला होता. वाशिमच्या कॉलेजमधल्या ग्रंथालयात निता परत आलेल्या पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारत बसली होती. फोन टेबलावरच उताणा पडला होता, आणि ही ओळ त्याच्यावर उजळली तेव्हा तिचा हात खाली येतच होता. शिक्का चिठ्ठीवर पडायचा तो पुस्तकाच्या पानावर पडला, मजकुराच्या मधोमध, जांभळा. पलीकडच्या टेबलावरून सुकेशनीनं विचारलं, “काय झालं मॅडम?” निता म्हणाली, “काही नाही, बाबांचा मेल आला.” म्हणून झाल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं. सुकेशनीलाही आलं असावं. ती तिसऱ्या दिवशी निताच्या गावी, मेडशीला येऊन गेली होती, अंगणातल्या सतरंजीवर निताच्या आईचा हात धरून तासभर बसली होती. तिनं मान खाली घातली आणि कार्डांचा लावलेला गठ्ठा उगाचच पुन्हा लावायला घेतला.

बाबांना जाऊन दोन महिने होऊन गेले होते. या दोन महिन्यांत माणसं निताला सांभाळून घेत होती. बोलता बोलता एखाद्या शब्दाच्या अलीकडेच थांबत, आपल्या वडिलांचा विषय निघाला की तो आवरता घेत. फोनला मात्र कोणी सांगितलेलं नव्हतं. बाबांना पासवर्ड लक्षात राहत नसे, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनंच त्यांचं खातं आपल्या फोनवरही उघडून ठेवलं होतं. त्यामुळे महिन्याच्या सुरुवातीला हे अभिनंदन आता दर वेळी तिच्याकडे येणार होतं. डिसेंबरात आलं तेव्हा ती माणसांच्या गराड्यात होती, जानेवारीत तिनं ते न उघडताच पुसून टाकलं. या वेळी बोट काचेवर टेकलं आणि पान उघडलंच.

पुंजाजी राऊत मालेगावच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. सव्वीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसले. खिडकीच्या आत, गुडघ्यांवर, लोकांना दिसणार नाही असं एक पुस्तक कायम उघडं असे, आणि गाड्यांच्या मधल्या वेळात ते वाचत. निवृत्त झाल्यावर मुकेशनं, निताच्या धाकट्या भावानं, त्यांना मोबाईलवर एक पान काढून दिलं. त्याचं नाव बाबांनीच ठेवलं, ‘पुंजाजींची वही’. वर हिरवी पट्टी आणि तिच्यावर एका जुन्या लाल गाडीचा फोटो. वाचलेल्या गोष्टी-कादंबऱ्यांवर ते तिथं एका बोटानं टाइप करून लिहीत. बोलायचे वऱ्हाडी, लिहायचे मात्र इस्त्रीचा युनिफॉर्म घातल्यासारखं. वाचणारे पाच-सहा जण असतील, त्यांत एक निता. पण महिन्याला दीड-दोनशे माणसं त्या पानावर येऊन जात, आणि ती कोण, कुठून, काय शोधत आली, याची एक यादी ते यंत्र बाबांना दाखवत असे. सगळं दाखवत नसे, थोडंच दाखवी. ते थोडं बाबांना पुरे होतं. सकाळचा चहा झाला की ते पडवीत खाटेवर बसून, चष्मा कपाळावर चढवून, यादी उघडत.

निताच्या बोटाखाली आता तीच यादी होती. ‘मेडशी वाशिम शेवटची बस’, चौतीस वेळा. ‘वडिलांवर दोन मिनिटांचे भाषण’. ‘साडू म्हणजे नक्की कोण’. ‘विहिरीत पडलेली बादली कशी काढावी’. ‘बायको रुसली कविता पाठवा’. ‘भूत असते का खरे सांगा’. ‘कथेचा शेवट समजला नाही’. यांतलं एकही माणूस साहित्य वाचायला आलेलं नव्हतं. बाबांनी कधीतरी कथांमधल्या विहिरींवर लिहिलं होतं, म्हणून बादलीवाला तिथं येऊन पडला. शेवटची गाडी चुकलेल्या एका नायिकेवर लिहिलं होतं, म्हणून मेडशीच्या फाट्यावर अंधार पडायच्या आत घरी पोचायची काळजी करणारी माणसं तिथं येत. दुसऱ्या कोणी हसून सोडून दिलं असतं. बाबांनी प्रत्येक लेखाच्या खाली एक रेघ मारली आणि रेघेखाली लिहायला सुरुवात केली, ‘चौकशीसाठी आलेल्यांना’. गाडी सायंकाळी सहा चाळीसला, पाच मिनिटे आधी यावे. साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. भांडण झाले असल्यास तरीही तोच. कविता पाठवू नये, स्वतः जावे. सव्वीस वर्षांत पुष्कळ रात्रपाळ्या केल्या, भूत दिसले नाही. दुसऱ्याला दिसले असेल तर मी त्याला खोटा म्हणणार नाही. बादलीसाठी गळ दोराला बांधून तळाशी फिरवावा, ओढू नये. गळ नसेल तर मेडशीत आमच्याकडे आहे. आणि खरोखरच एक माणूस मोटारसायकलवर थेट इंझोरीहून गळ न्यायला आला होता. गळ काय इंझोरीत मिळाला नसता? पण कोणीतरी ‘आमच्याकडे आहे’ म्हणालं होतं, म्हणून तो आला, आणि आठ दिवसांनी परत करायला आला तेव्हा पिशवीभर तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन आला. बाबा महिनाभर ती गोष्ट सांगत होते.

निताला तेव्हा त्याची लाज वाटायची. ग्रंथालयातल्या एका प्राध्यापकांना तिनं मोठ्या हौसेनं ते पान दाखवलं होतं आणि ते खालपर्यंत वाचत जाऊन गळापाशी मोठ्यानं हसले होते. त्या शनिवारी ती घरी जाऊन म्हणाली, “बाबा, वरतं इतकं चांगलं लिहिता, अन् खाली हे कायले?”

“लोकं येऊन राह्यले ना.”

“चुकून येतात ते.”

“स्टँडवरबी अर्धे चुकूनच येत,” बाबा म्हणाले. “जाचं राहे रिसोडले अन् उभे राहेत अकोल्याच्या गाडीपाशी. मंग त्याले काय मनावं, तू चुकला, जाय?”

“पण तुम्हाला सगळं माहीत आहे का?”

“नाही मालूम तं इचारून सांगावं. खिडकीवर आलेला मानूस उभा ठेवाचा नाही.”

हे खरं होतं. लहानपणी शाळा सुटल्यावर ती कधी कधी स्टँडवर जाऊन बाबांच्या मागच्या स्टुलावर बसे, तेव्हा तिनं ते शेकडो वेळा ऐकलं होतं. ‘माहीत नाही’ हा शब्द त्या खिडकीतून बाहेर पडत नसे. ‘थांबा, इचारून सांगतो.’ एक लांबट वही होती, तिच्यावर ‘राहिलेल्या चौकशा’ असं लिहिलेलं. आसेगावची जत्रेची जादा गाडी केव्हा लागेल, हरवलेली छत्री कोणत्या डेपोत जमा होते, सगळं त्या वहीत उतरे. मग ते ड्रायव्हरला विचारत, डेपोला फोन लावत, आणि ते माणूस चार दिवसांनी पुन्हा स्टँडवर दिसलं की खिडकीतून हात बाहेर काढून त्याला हाक मारत. उत्तर दिलं की वहीला दोऱ्यानं बांधलेल्या तांबड्या पेन्सिलीनं खूण करत. निताला ती खूण करायला फार आवडे. बाबा पेन्सिल तिच्या हातात देत आणि म्हणत, कर, गेला तो मानूस घरी.

तिनं फोनवर सरकवत सरकवत महिन्याची यादी संपवली. वर एक जागा होती, तिथं बोट ठेवलं की सुरुवातीपासूनची सगळी यादी निघे. का दाबलं ते तिला सांगता आलं नसतं. वाक्यांची रांग लागली, कुठं चाळीस, कुठं बारा, कुठं दोन, आणि अगदी तळाशी एकेकटी वाक्यं, एकदाच आलेली. त्यांत एक होतं. ‘वडिलांना त्यांचा आजार सांगावा का’. पुढं आकडा एक. तो एक म्हणजे ती स्वतः.

ग्रंथालयातला पंखा फिरत होता. कोणीतरी तिच्यासमोर दोन पुस्तकं आणून ठेवली, तिनं त्यांवर शिक्के मारले, तारीख बरोबर पडली. अकोल्याच्या त्या दवाखान्यात वजनाच्या काट्याशेजारी उभं राहून डॉक्टरांनी तिला आणि मुकेशला सांगितलं होतं. स्वादुपिंड. पसरलेलं. फार तर दोन-तीन महिने. मुकेश डॉक्टरांकडे न बघता वजनकाट्याच्या काचेकडे बघत होता, जणू तिथं काही वेगळा आकडा निघेल. डॉक्टर गेल्यावर म्हणाला, “ताई, बाबांले नको सांगू. माह्याच्यानं पाहनं होनार नाही त्याहीच्या तोंडाकडे.” पोटात सूज आहे, औषधानं उतरेल, असं ठरलं. आईलाही तेच सांगायचं ठरलं, कारण आईच्या चेहऱ्यावर काही लपत नाही असं दोघांचं मत होतं. मग मुकेश औषधं आणायला खाली गेला. बाबा आत तपासणीसाठी पडलेले. लोखंडी बाकावर ती एकटी. आजवर असलं काही अडलं की ती बाबांनाच विचारत आली होती. कोणती नोकरी घ्यावी, लग्न मोडलं तेव्हा आधी कोणाला कळवावं, पुस्तकातला एखादा माणूस असा का वागला. ज्याला विचारायचं तो त्या दाराच्या आत उघड्या पोटानं पडला होता. म्हणून तिनं फोनला विचारलं. आलेल्यांतलं तिसरं पान न बघता दाबलं, आणि वर हिरवी पट्टी उघडली, लाल गाडी. तिनं फोन इतक्या झटक्यानं बंद केला की शेजारची बाई बघायला लागली. बाबांनी एका गोष्टीवर तीन वर्षांपूर्वी लिहिलं होतं, घरातले सगळे एका म्हाताऱ्यापासून त्याचा आजार लपवतात अशी ती गोष्ट. लेखाचं नाव होतं ‘सांगावं का’. ती ते पूर्ण विसरून गेली होती. नंतरही ती ते विसरली, म्हणजे विसरलीच असं तिनं ठरवलं. पण यंत्रानं ठेवलं होतं. आणि बाबा रोज सकाळी यादी बघत.

आता तो एकच प्रश्न उरला, बाबांनी पाहिलं का? पाहिलं तर कोण आहे ते ओळखलं का? ओळखलं असेल, तर पुढचे सहा आठवडे ती दर शनिवारी हसत घरात शिरत होती आणि ते सगळं माहीत असून एकटेच त्या खाटेवर बसून होते. तिला वाटलं, नसेल पाहिलं. आजारी माणूस, कशाला बघेल. त्याच वेळी तिचं बोट तो लेख शोधत होतं. लेख तिनं वाचला नाही, सरळ खाली गेली. रेघ होती. रेघेखाली, जुन्या एका उत्तरानंतर, चौदा ऑक्टोबरची तारीख घालून लिहिलेलं होतं, ‘वडिलांना त्यांचा आजार सांगावा का, असे विचारत कोणी इथे आले होते. माझ्याजवळ याचे उत्तर नाही. विचारून सांगतो.’ त्याच्याखाली काही नव्हतं. पांढरी जागा होती, आणि मग दुसरा लेख सुरू होत होता.

सुकेशनी डबा उघडून म्हणाली, “मॅडम, या ना, दोन घास.” निता म्हणाली, “आलेच.” आणि बसून राहिली. कोणाला विचारलं असेल त्यांनी? हा विचार तिच्या डोक्यात पुरा व्हायच्या आतच तिला आठवलं. इतकं स्वच्छ आठवलं, की इतके दिवस ते कुठं ठेवलं होतं याचंच तिला नवल वाटलं. दिवाळीच्या आधीचा शनिवार. पडवीत खाट. बाबांची दाढी केलेली, हनुवटीवर वस्तऱ्याचा एक बारीक काप आणि त्यावर चिकटवलेला पेपराचा कपटा. तिनं शिरताच म्हटलं होतं, “अरे वा, दाढी! म्हणजे बरं वाटून राह्यलं.” “लय बरं,” बाबा म्हणाले होते. मग बऱ्याच वेळानं, ती संत्रं सोलत असताना, “निते, एक इचारू काय? त्या जुन्या गोष्टीवर अजून दोन वळी लिहाव्या मनतो. थ्या घरचे लोकं म्हाताऱ्याले त्याचा आजार सांगत नाहीत ना, थे. तू काय मनशील? सांगाव का?” संत्र्याची साल तिच्या हातात तुटली होती. आणि त्याच क्षणी, ते गोष्टीबद्दल विचारत आहेत, निव्वळ गोष्टीबद्दल, या कल्पनेला तिनं दोन्ही हातांनी धरलं. पुस्तकाबद्दल बोलावं तशा सुरात ती म्हणाली, “नाही सांगू बाबा. सांगून काय होते? आहेत ते दिवस तरी बरे जातात त्याचे.” बाबा म्हणाले, “बरं.” आणि संत्र्याची फोड घेतली. ती त्यांनी खाल्ली नाही, हे तिनं पाहिलं होतं. फोड खाटेच्या काठावर तशीच होती, संध्याकाळी तिला मुंग्या लागल्या. परतताना गाडीत खिडकीशी बसून ती मनाशी म्हणाली होती, बाबा अजून लिहायचं म्हणतात, बरं आहे.

शनिवारी ती मेडशीला गेली. आताही जाई, तसाच डबा, तशीच पिशवी, फक्त संत्री नसत. आज तिला वही हवी होती. निवृत्त झाल्यावरही बाबांनी तसलीच लांबट वही घेतली होती, मोबाईलवरच्या राहिलेल्या चौकशा तीत उतरवायला. पानावर उत्तर नव्हतं, पण बाबा ‘विचारून सांगतो’ म्हणाले आणि त्यांनी ते वहीत घेतलं नाही, असं होणं शक्य नव्हतं. मालेगाव मागं पडलं. दोन्ही बाजूंची शेतं तूर निघून मोकळी झाली होती, बांधावर तुराट्यांचे भारे उभे होते. एका जागी नांगरलेल्या काळ्या जमिनीवर पांढरे बगळे ओळीनं बसले होते, आणि गाडी जवळ आली तरी उडाले नाहीत. वहीत काही नसावं असं तिला वाटत होतं. आणि वहीत काही नसलं तर आपण कुठं जायचं, हे तिला कळत नव्हतं.

आई अंगणात बसली होती. भोवती मेथीचा हिरवा ढीग, मळ्यातून नुकतीच उपटलेली, मुळांना ओली माती. आईचे, पंचफुलाबाईंचे, हात थांबत नसत; मूठभर मेथी घेत, मुळं झटकत, दोरीचे दोन वेढे आणि जुडी बाजूला. मुकेश पहिली खेप घेऊन मालेगावच्या बाजाराला गेला होता, दुसरी न्यायला येणार होता.

“एवढ्या उन्हाची आली व माय?” आई म्हणाली. “डोक्यावर पदर नाही, काही नाही. गाडी भेटली काय लवकर?”

“भेटली. आई, बाबांची वही कुठं आहे? लांबट.”

“पेटीवर हाये. मुकेश मने रद्दीत टाकू. मनलं, हात तं लावून पाह्य.”

पेटीवर वहीसोबत चष्मा होता, चष्म्याच्या काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला. वहीला बांधलेली तांबडी पेन्सिल बोटाच्या पेराएवढी उरली होती. निता वही घेऊन आईजवळ येऊन बसली. उघडली मात्र नाही.

“मोबाईलवर अजून येतात काय लोकं, पुसाले?” आईनं विचारलं.

“येतात.”

“मंग सांगते कोन त्याहीले?”

“कोणीच नाही.”

“मंग खिडकी बंद हाये असं लिहून टाक ना, बाप्पा. उभं नाही ठेवाव मानसाले, थे मनत.”

शेवटची बस आता सहा चाळीसला नव्हती. जानेवारीत वेळ बदलली, ती सहा दहालाच निघून जाई, निताची स्वतःची एकदा चुकली होती. बाबांच्या रेघेखाली अजून सहा चाळीसच होतं आणि महिन्याला चौतीस माणसं ते वाचून जात होती. चार अक्षरं बदलायची होती. तिनं दोनदा पान उघडलं होतं, आकड्याशेजारी ती बारीक उभी रेघ लुकलुकत राहिली होती, आणि बाबांनी लिहिलेलं पुसायचं बटण दाबायला तिचं बोट उठलं नव्हतं.

“वाच ना मंग,” आई म्हणाली. तिला सहीपुरतं लिहिता येई, वाचता येत नसे. “पाहू तं काय काय पुसत लोकं. थे लय हासत कधी कधी, मी काही पुसलं का मनत, तुले नाही समजाचं.”

निता वाचू लागली. साडूपाशी आई खुदकन हसली. “भांडन झालं तं बदलते काय साडू? ह्या मानसाचं काहीबी!” गळाचं आलं तेव्हा म्हणाली, “थो इंझोरीवाला! दोन वाट्या भाजी खाल्ली त्यानं, अन् मने, काकू, गळ मी घेऊन जातो पन तुमच्या हातची भाजी नाही नेता येत. मोठा बोलका.” रुसलेल्या बायकोपाशी आईचे हात क्षणभर थांबले. “मले नाही आनलं कधी परत, स्वतः येऊन. भावाले धाडलं होतं.” आणि पुन्हा जुडी. प्रत्येक ओळीपुढं तांबडी खूण होती, गेला तो माणूस घरी, गेला तो माणूस घरी. अक्षर पानागणिक मोठं आणि वाकडं होत गेलं होतं. शेवटच्या पानावर ओळ चढणीला लागल्यासारखी वर गेली होती. निता वाचत आली होती ती थांबली.

‘१८ ऑक्टो. वडिलांना त्यांचा आजार सांगावा का. निताला विचारले. सांगू नये म्हणते.’ आणि त्याखाली, बहुधा दुसऱ्या दिवशी, पेन बदललेला, ‘वडिलांना कळलेच असेल तर त्यांनी मुलीला सांगावे का, हे विचारायचे राहिले.’

पुढं खूण नव्हती. पुढची पानं कोरी होती, तिनं ती एकेक करून शेवटपर्यंत उलटली. त्यानंतरचे सगळे शनिवार तिच्यापुढून गेले. ते पाच होते आणि प्रत्येकात ती हसत होती. विचारायचं राहिलं. त्यांनी विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती? आधीचं उत्तर तिनं दिलं होतं ते त्यांनी उतरवून घेतलं होतं, पाळलं होतं. खिडकीच्या आत बसून तिनं जे सांगितलं, ते ऐकून ते माणूस मुकाट्यानं निघून गेलं होतं. सहा चाळीस पुसून सहा दहा करता येतं. इथं काय पुसायचं, आणि कोणासाठी?

“आटपलं काय?” आईनं विचारलं.

“हो.”

“व्हय.” आईनं तिच्याकडे पाहिलं नाही. मेथीची मूठ घेतली, मुळं झटकली. थोड्या वेळानं, बाजारभावाबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाली, “शनवार आला का थे सकाळपासून लागे, पानी तापव, आंघोळ करून दे. उभं राहनं होये ना त्याहीच्यानं, मी मोरीत पाट मांडो. मंग दाढी. हात असा थरथरे! मी आरसा धरो, मनो, राहू द्या ना, कोन पाहून राह्यलं तुमाले. तं मनत, नाही, पोरगी एवढ्या दुरून हासत येते, आपल्यालेबी जरा हासाव लागते.”

दोरीचे दोन वेढे. जुडी बाजूला.

“तुला माहीत होतं आई?”

“मले काय मालूम राह्यते,” आई म्हणाली. “मी अडानी बाई. आरसा धराचं काम होतं, धरला.”

रस्त्यावर मुकेशच्या गाडीचा आवाज आला, दुसऱ्या खेपेला. आईनं ढिगातली एक मोठी मूठ आणि दोरी निताच्या मांडीवर, उघड्या वहीवर ठेवली. मुळांची ओली माती पानाला लागली. “बांध पटपट. अन् गच्च बांध व, तुयी जुडी ढिली राह्यते, रस्त्यात सुटते.” निता वेढे देऊ लागली. पेन्सिल वहीच्या कडेनं दोऱ्याला लोंबत होती, तिच्या मनगटाला पुन्हा पुन्हा लागत होती.